कोकणात परवडणारं गावातलं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोक फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि गणपतीत गावी आले की ओटीवर बसून जे विचारतात, त्यातून ही प्रश्नोत्तरं जमवली आहेत. विचारणाऱ्यांत निवृत्त होऊन परतणारे चाकरमानी आहेत, घरून काम करणारी तरुण जोडपी आहेत, आणि कोकणाशी नातं नसलेले पण शहरातलं भाडं झेपेनासं झालेले लोकही आहेत. जमिनीचे कागद आणि पाणी या दोन विषयांवर उत्तरं लांबली आहेत. लोकांचे पैसे बहुतेक वेळा तिथेच अडकतात, म्हणून ती लांबू दिली.

१. स्वस्तात राहायचं तर कोकणात नेमकं कुठे बघू?

समुद्र दिसणारी जागा सोडून द्या, म्हणजे अर्धा प्रश्न सुटतो. अलिबाग, मुरुड, दिवेआगर, दापोलीची किनारपट्टी, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली इथले भाव शेतीवर ठरत नाहीत, पर्यटकांवर ठरतात. किनारा आणि सह्याद्री यांच्या मधला पट्टा बघा: संगमेश्वर, लांजा, राजापूर, वैभववाडी, कणकवली, कुडाळ या तालुक्यांतली महामार्गापासून थोडी आत असलेली गावं. नदी आहे, भातशेती आहे, झाडी आहे, आणि कोकण रेल्वेचं एखादं स्टेशन गाठता येतं.

माझा ठोकताळा असा: तालुक्याच्या गावापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत, जिथे एसटी दिवसातून निदान तीन-चार वेळा येते आणि वस्तीची गाडी असते. वस्तीची गाडी रात्री गावात मुक्कामाला असली की पहाटे तालुक्याला जायची सोय आपोआप होते. त्याहून आत गेलात तर जमीन आणखी स्वस्त मिळेल, पण वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जातील (प्रश्न ११).

२. रायगड, रत्नागिरी की सिंधुदुर्ग?

महिन्यातून एकदा तरी कुठे जावं लागणार आहे, त्यावर ठरवा. मुंबई-पुण्याला वारंवार जायचं असेल तर रायगड सोयीचा, पण भावही तसेच. पोलादपूर, म्हसळा यांच्या आतल्या गावांत अजून परवडतं. रत्नागिरी जिल्ह्यातून कराडला कुंभार्ली घाटाने आणि कोल्हापूरला आंबा घाटाने जाता येतं. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांचा ओढा गोव्याकडे आहे: मोठा दवाखाना, मोपाचा विमानतळ, नोकऱ्या, सगळं तिकडे. मुंबईहून दूर असल्यामुळे तिथल्या आतल्या गावांत भाव त्या मानाने कमी आहेत.

३. आमच्या नावावर कुठेच शेती नाही. कोकणात जमीन घेता येईल का?

शेतजमीन घेता येणार नाही. महाराष्ट्रात कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्यापुढे तीन रस्ते उरतात: गावठाणातलं घर, रीतसर बिगरशेती झालेला प्लॉट, किंवा भाड्याचं घर (प्रश्न १५).

‘शेतकरी असल्याच्या दाखल्याचं आम्ही बघतो’ असं सांगणारा दलाल भेटला तर तिथूनच मागे फिरा. खोट्या दाखल्यावर झालेला व्यवहार बेकायदेशीर ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि तोवर दलाल दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. आजोबांची किंवा वडिलांची जमीन महाराष्ट्रात कुठेही असेल, अगदी साताऱ्यात किंवा जालन्यात, तर आधी तिथे वारस नोंद करून घ्या. त्या सातबाऱ्यावर तुम्ही शेतकरी ठरता.

४. ‘पाच गुंठे फार्महाऊस प्लॉट, निसर्गाच्या कुशीत’ अशा जाहिराती खऱ्या असतात का?

जाहिरात खरी असते, प्लॉट बहुतेकदा कागदावर नसतो. तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचे हवे तेवढे लहान तुकडे करून विकता येत नाहीत. म्हणून काही जण मोठ्या गटाच्या सातबाऱ्यावर दहा-वीस जणांची नावं एकत्र चढवतात आणि चुन्याने आखलेला तुकडा ‘तुमचा’ म्हणून दाखवतात. घराची परवानगी मागायला जाल तेव्हा कळतं की तुमच्या तुकड्याला स्वतंत्र अस्तित्वच नाही. शेतघराच्या परवानगीसाठीही साधारण एक एकर, म्हणजे ४० गुंठे जमीन लागते. तुकडेबंदीच्या नियमांत अलीकडे बदल झाले आहेत, तेव्हा त्या गावाला आज काय लागू आहे ते तहसील कार्यालयातच विचारा. आणि विकणाऱ्याकडे मंजूर रेखांकन, बिगरशेती आदेश आणि तुमच्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा हे तिन्ही कागद मागा.

५. सातबारा कोरा आहे असं सांगतात. आणखी काय बघायचं?

‘कोरा’ म्हणजे कर्जाचा बोजा नाही, एवढंच. कोकणातल्या सातबाऱ्यावर खरं वाचायचं असतं ते ‘इतर हक्क’ या रकान्यात. तिथे कुळाचं, म्हणजे ती जमीन खंडाने कसणाऱ्याचं, नाव असू शकतं. कूळ कायद्याच्या ‘कलम ४३ ला पात्र’ असा शेरा असेल तर विक्रीआधी परवानगीची अट तपासावी लागते. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली जमीन, असेल तर तीच गत. ‘खाजगी वन’ असा शेरा असेल तर तिथे घराचा विचारच सोडा. देवस्थान इनामाची जमीन विकता येत नाही. आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक ताब्यातल्या, जमिनींचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिकडची थंड हवा कितीही आवडली तरी कागद वकिलाला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका.

मग खास कोकणातल्या दोन गोष्टी. एक, जमीन एकाची आणि त्यातलं आंब्या-फणसाचं झाड दुसऱ्याचं, असं इथे सर्रास असतं. तुम्ही जमीन घेता आणि मे महिन्यात विक्रेत्याचा चुलतभाऊ काढणीची झेल घेऊन आंब्याखाली उभा राहतो, आणि हक्काने राहतो. दुसरी, घर एकाचं आणि घराखालची जमीन दुसऱ्याची. ग्रामपंचायतीची घरपट्टी, म्हणजे नमुना ८ चा उतारा, हा कर भरल्याचा पुरावा आहे. मालकी त्याने सिद्ध होत नाही. जोत्याखालची जमीन कुठल्या गटात, कोणाच्या नावावर, हे वेगळं तपासा.

जागेवर जाऊन गटाचा नकाशा आणि गडगा, म्हणजे हद्दीचं दगडी कुंपण, जुळतो का तेही बघा. गडगा चार पावलं सरकलेला असणं इथे काही विशेष नाही. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. तीस वर्षांच्या मालकीचा शोध-अहवाल आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस या दोन्हींचा खर्च जमिनीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

६. सातबाऱ्यावर बारा हिस्सेदार आहेत, पण ‘सगळे तयार आहेत’ म्हणतात. पुढे जाऊ का?

सगळे सही करायला दुय्यम निबंधकांपुढे येणार असतील किंवा नोंदणी केलेलं कुलमुखत्यारपत्र देणार असतील, तरच. तोंडी तयारीला किंमत नाही. एक भाऊ गावात, दोन मुंबईत, एक बहीण बेळगावात, एक बडोद्यात, आणि आजोबांचं नाव अजून उताऱ्यावर: कोकणातल्या निम्म्या घरांची ही कथा आहे. बहिणींची नावं वगळून केलेले व्यवहार सर्वांत जास्त कोर्टात जातात, कारण लेकींचा हिस्सा मुलांइतकाच आहे. ‘तिने हक्क सोडलाय’ असं कोणी म्हणालं तर नोंदवलेलं हक्कसोडपत्र बघायला मागा.

अशा जागा स्वस्त असतात, त्याचं कारण हेच. वाटप होऊन स्वतंत्र सातबारा होईपर्यंत थांबायची तयारी असेल तर फक्त छोटी रक्कम देऊन साठेकरार करा. मला विचाराल तर एकाच नावाची जागा थोडी महाग मिळाली तरी तीच घ्यावी.

७. घरापर्यंत गाडी जात नाही, पाखाडी आहे. काय हरकत आहे?

पाखाडी सुंदर असते. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंनी गडगे, वर झाडांची सावली. पण गॅसचा सिलिंडर, सिमेंटच्या गोणी आणि आजारी माणूस, तिन्ही तिथूनच न्यायचे आहेत. सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन येणार असाल तर नको.

पाखाडीहून मोठा प्रश्न वहिवाटीचा. तुमच्या घराची वाट शेजाऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर आज तो ‘जा की’ म्हणतो, उद्या त्याचा मुलगा बेडं, म्हणजे फाटक, लावतो. वाट नकाशावर दाखवलेली हवी किंवा खरेदीखतात लिहिलेली हवी. शेताच्या बांधावरून रस्ता मागायची सोय महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे, आणि अडवलेल्या वाटेसाठी मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण या दोन्ही गोष्टी शेजाऱ्याविरुद्ध कराव्या लागतात, आणि राहायचं त्याच्याच शेजारी आहे. वाटेची खात्री आधीच करून घ्या.

८. कोकणात एवढा पाऊस पडतो, मग पाण्याची काळजी कशाला?

तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात मे महिन्यात टँकर येतो, हे कोकणाचं जुनं दुखणं आहे. जांभा खडक सच्छिद्र, उतार तीव्र, त्यामुळे पाणी झिरपून किंवा वाहून खाडीला मिळतं. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, जागा सर्वांत स्वस्त असतात त्या याच कारणाने: वर मोकळं कातळ, खाली पाणी खोल, आणि झाड लावायचं तर कातळ फोडून बाहेरून माती आणावी लागते.

म्हणून जागा मेच्या तिसऱ्या आठवड्यात बघा, सकाळी सहाच्या सुमारास. विहिरीवर उभं राहून कळशी सोडा. तळाशी खणकन लागते की बुडते? पाणी भरायला आलेल्या मावशींना विचारा, ‘उपसल्यावर परत किती वेळाने भरते?’ तासाभरात भरत असेल तर झरा जिवंत आहे. ‘आम्ही रात्री नंबर लावतो’ असं उत्तर आलं तर समजून जा. मालक काय सांगतो त्यापेक्षा हे उत्तर पक्कं असतं. खाडीजवळच्या विहिरी एप्रिलनंतर मचूळ होतात, तेव्हा पाणी तोंडात घेऊन बघा.

नळपाणी योजनेची टाकी आणि नळ दिसले तरी ‘मे महिन्यात किती दिवसांआड पाणी येतं?’ हे विचाराच. विहीर सामाईक असेल तर तिच्यातला हिस्सा आणि तिथवर जायची वाट, दोन्ही खरेदीखतात लिहून घ्या. छपराचं पाणी साठवायची मोठी टाकी बांधता आली तर बांधा, उन्हाळ्याचे सुरुवातीचे काही आठवडे तरी निघतात.

९. जुनं कौलारू घर घ्यावं की नवीन बांधावं?

भिंती आणि जोतं जांभ्या चिऱ्याचं असेल आणि छपराचं लाकूड शाबूत असेल तर जुनं घ्या. लाकूड तपासायची रीत सोपी आहे: स्क्रूड्रायव्हर घेऊन वासे आणि तुळया भिंतीत शिरतात तिथे टोचून बघा. वाळवीने आतून खाल्लेलं लाकूड वरून रंगवलेलं असलं तरी टोक लोण्यात शिरावं तसं आत जातं. किंजळ, ऐन, फणस यांचं जुनं लाकूड असेल तर सहसा टणक लागतं.

कौलारू घराला दर मेमध्ये कौलं चाळावी लागतात. गडी वर चढतो, फुटकी कौलं काढून खाली देतो, पन्हळींतला पालापाचोळा झाडतो आणि कौलांच्या ओळी पुन्हा बसवतो. कौलं चाळणारे गडी आता कमी उरले आहेत, त्यांना एप्रिलमध्येच सांगून ठेवावं लागतं. पावसाच्या बाजूच्या भिंतीला झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा ताडपत्री बांधायची ती वेगळी. नव्या घरावर स्लॅब टाकाल तर चार-पाच पावसाळ्यांनंतर ओल येऊ लागते आणि त्यावर पत्र्याची शेड घालावीच लागते. इथली बहुतेक स्लॅबची घरं बघा, वर पत्रा दिसेल. तो खर्च आधीच धरा.

१०. खाडीकाठी स्वस्तात जागा मिळते आहे. पूर, दरड, वादळ यांचं काय?

आधी सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम. ग्रामीण भागात समुद्राच्या भरतीरेषेपासून साधारण २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि ५०० मीटरपर्यंत निर्बंध असतात. खाडीकाठी अंतरं वेगळी असतात. ‘शेजाऱ्याने बांधलंय की’ हा पुरावा होत नाही. तो जुना रहिवासी असेल तर त्याला लागू होणारी सवलत तुम्हाला लागू होईलच असं नाही.

पुराचा अंदाज गावातले वयस्कर लोक अचूक देतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवलं. खेडला जगबुडी, राजापूरला अर्जुना-कोदवली बाजारपेठेत शिरतात. नदीकाठचं घर बघताना विचारा, ‘२०२१ ला पाणी कुठवर आलं होतं?’ लोक भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. डोंगर कापून काढलेल्या सपाटीवर, कापलेल्या बाजूला भिंत नसताना घर घेऊ नका. डोंगरावर नव्या भेगा, वाकलेली झाडं किंवा पावसात अचानक फुटलेले गढूळ झरे दिसत असतील तर तिथे एक रात्रही नको.

वादळांनीही गेल्या काही वर्षांत बरंच शिकवलं आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड आणि दापोली-मंडणगडकडे छपरं आणि नारळ-सुपारीच्या बागा नेल्या, आणि मे २०२१ मध्ये तौक्तेने किनाऱ्याची पुन्हा परीक्षा घेतली. घरावर झुकलेला माड पावसाआधी उतरवून टाका.

११. गावात राहिल्यावर खर्च खरंच कमी होतो का?

घरभाडं किंवा हप्ता कमी होतो. बाकीचं तसं नाही. भाजी बरीचशी घाटावरून येते, त्यामुळे ती शहरापेक्षा स्वस्त असेलच असं नाही. मासळी किनाऱ्याजवळ परवडते, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि सुक्या मासळीवर भागवावं लागतं. दुचाकी नसेल तर हात बांधले जातात. प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन लवकर मिळत नाहीत, आणि ओल, वाळवी, मीठ-हवा मिळून घरातल्या वस्तू लवकर खातात. परसात माठ, वाल, अळू, पडवळ लावाल, दोन माड आणि केळी असतील, तर दोन वर्षांनी फरक जाणवू लागतो. पहिल्या वर्षी बचत होईल असं धरून येऊ नका.

१२. दवाखाना किती जवळ हवा?

प्राथमिक आरोग्य केंद्र दहा किलोमीटरच्या आत, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय तासाभराच्या आत. चिपळूणजवळ डेरवणला मोठं रुग्णालय आहे, सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण अनेकदा गोव्याला बांबोळीला नेतात. डायलिसिस किंवा हृदयाचा त्रास असलेलं माणूस घरात असेल तर गाव ठरवण्याआधी हे अंतर पावसाळ्यातल्या रस्त्याने मोजा.

सर्पदंशाबद्दल नेहमी विचारतात. फुरसं, घोणस, मण्यार, नाग हे चारही इथे आहेत. फुरसं लहान दिसतं, म्हणून लोक हलक्यात घेतात. चावल्यावर चिरा देणं, आवळून बांधणं, मंत्र घालणं यांत वेळ घालवू नये. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा, प्रतिविष तिथे मिळतं. कोणत्या रुग्णालयात ते नेहमी ठेवलेलं असतं, हे राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा. दोडामार्ग-बांद्याकडे जंगलाला लागून राहणार असाल तर गोचिडांतून पसरणाऱ्या माकडतापाचीही माहिती आरोग्य केंद्रातून घ्या. तिथे २०१६ पासून त्याचे रुग्ण सापडले आहेत.

१३. घरून काम करता येईल एवढं नेट आणि वीज असते का?

बऱ्याच गावांत फायबर आलं आहे, पण ते वाडीपर्यंत आलं का ते बघा. गाव आणि वाडी यांत तीन किलोमीटरचा डोंगर असू शकतो. जुलैमध्ये झाड पडून वीज जाते, काही तासांनी टॉवरची बॅटरी संपते आणि मोबाईलही गप्प होतो. इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं हवीतच. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडू लागली की राउटरची पिन काढून ठेवा.

१४. मुलांच्या शाळेचं काय?

पाचवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा जवळ असते, पण पटसंख्या विचारा. दोन-चार मुलांवर आलेली शाळा पुढे बंद होऊ शकते. आठवीनंतर तालुक्याच्या गावी रोज जावं लागेल, म्हणून एसटीचं वेळापत्रक आणि शाळेची वेळ जुळते का ते आधी बघा.

१५. विकत घेण्याआधी भाड्याने राहता येतं का?

राहायलाच हवं, आणि पावसाळ्यात राहायला हवं. मुंबईकरांची बंद घरं गावोगावी आहेत, पण ती जाहिरातीत सापडत नाहीत. ग्रामपंचायतीचा शिपाई, पोस्टमन, किराणा दुकानदार यांना विचारा. मालकाची अट सहसा एकच असते: गणपती आणि शिमग्याला घर मोकळं हवं. ते मान्य असेल तर भाडं बेताचं ठरतं. भाडेकरार लिहून नोंदवा, कायद्याने ती नोंदणी सक्तीची आहे, आणि घर बळकावलं जाईल ही मालकाची भीतीही त्याने जाते.

१६. माकडं आणि रानडुकरं फार त्रास देतात असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. वानरांची टोळी छपरावरून गेली की कौलं फुटतात, पपई-केळी राहत नाहीत. अनेक शेतकऱ्यांनी याच कंटाळ्याने भाजी लावणं सोडलं. दोडामार्गात तिळारीच्या बाजूला हत्तींचा वावर आहे. वाडीत माणसं आणि कुत्री राहती असतील तर त्रास कमी, एकट्या घराला जास्त.

१७. गाव बाहेरच्या माणसाला सामावून घेतं का?

घेतं, पण आधी पारखून. आल्याबरोबर कुंपण घालून जुनी पायवाट बंद केलीत तर पुढची दहा वर्षं ते विसरलं जाणार नाही. ग्रामदेवतेची वर्गणी द्या, शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा घरी असा, कोणाच्या मयताला खांदा द्यायला जा. मानपानाच्या आणि गावऱ्हाटीच्या, म्हणजे गावदेवाच्या रीतीभातींच्या, वादांत नव्या माणसाने मत देऊ नये. तुमच्या जागेत राखणदाराचं, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचं, ठिकाण असेल आणि लोक वर्षातून एकदा नारळ ठेवायला येत असतील तर येऊ द्या, आणि हे खरेदीआधीच विचारून घ्या. आचऱ्यासारख्या गावात दर काही वर्षांनी गावपळण होते, सगळं गाव वेशीबाहेर राहुट्या टाकतं. तिथे राहणार असाल तर तुम्हीही जायचं.

१८. आमचंच वडिलोपार्जित घर आहे, पण त्यात चुलते राहतात आणि उताऱ्यावर आमचं नाव नाही. हक्काने जाऊन राहू का?

हक्क असला तरी कुलूप फोडून जाऊ नका. आधी वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज करा: मृत्यूचा दाखला, वंशावळ, प्रतिज्ञापत्र. फेरफार मंजूर झाला की तुमचं नाव लागतं. मग चुलत्यांशी बोला. ज्यांनी तीस वर्षं कौलं चाळली, घरपट्टी भरली, म्हातारीचं आजारपण काढलं, त्यांना ते घर आपलं वाटणं साहजिक आहे. वाटप मागण्याआधी डागडुजीच्या खर्चातला आपला वाटा द्यायची तयारी दाखवा. अनेकदा परसातली मोकळी जागा घेऊन छोटं घर बांधणं हा सर्वांना झेपणारा मार्ग निघतो. त्यासाठी वाटपाचा नकाशा आणि विहिरीचा हिस्सा लिहून घ्यायला लागेल (प्रश्न ६ आणि ८).

१९. जागा छान आहे, पण जवळ प्रकल्प किंवा खाण येणार अशी कुजबुज आहे. काय करू?

कुजबुजीवर घेऊही नका आणि सोडूही नका. ग्रामपंचायतीत ग्रामसभेचे ठराव वाचा, प्रांत कार्यालयात भूसंपादनाची अधिसूचना निघाली आहे का विचारा. बारसू-सोलगाव, जैतापूर या भागांत प्रकल्पाच्या चर्चेबरोबर बाहेरच्यांची खरेदी वाढली आणि गावं दुभंगली. रेडी, कळणे इथे खाणींच्या धुळीचा अनुभव लोकांनी घेतला आहे. लोटे-परशुराम आणि महाडच्या रासायनिक वसाहतींच्या खालच्या अंगाला नदी-खाडीचं पाणी वापरणाऱ्यांना विचारल्याशिवाय जागा ठरवू नका. छोटी चिरेखाणसुद्धा घरापासून हाकेच्या अंतरावर असेल तर डिसेंबर ते मे दिवसभर कटरचा आवाज आणि तांबडी धूळ सोसावी लागते. पावसाळ्यात ती खाण बंद असते, म्हणून फक्त जुलैमध्ये जागा बघणाऱ्याला तिचा पत्ताच लागत नाही.